शिडाच्या होडीवरची आगोट

महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या माणसाने काय खावे, हा प्रश्न कर्जत-खालापूरकडच्या मुलीने हाती घ्यावा याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमच्या दोन्ही तालुक्यांना किनारा नाही. इकडची उल्हास नदी वसईच्या खाडीकडे जाते आणि पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. समुद्राशी आमचे नाते एवढेच. दुसरे नाते सुकटीच्या वासाचे! पण भूगोलाच्या तासाला सरांनी वारे शिकवताना नौदलाच्या शिडाच्या होडीची हकिकत सांगितली, आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो वाऱ्याचा नव्हता. या बायका चाळीस-चाळीस दिवस जमीन पाहत नाहीत, तर त्या जेवतात काय?

प्रश्न सुचला त्याचे कारण आमच्या घरची आगोट. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी चार महिन्यांचे सामान घरात भरून ठेवायचे, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. तांदूळ, वाल, मिरची-मसाला, मीठ, कांदे, गूळ, पापड, कैरीचे लोणचे, सुके बोंबील, जवळा, सुकट. पूर्वी पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की आमच्या गावची वाट बंद होई आणि बाजार दिसत नसे. म्हणजे घर हे चार महिने एक होडीच असे. फक्त हलत नसे. आता पूल झाला, दुकान झाले, तरी आजीची आगोट चालूच आहे.

तेव्हा या विषयावर ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, आजीला विचारले, आणि मामाला विचारले. मामा करंज्याच्या मासेमारी बोटीवर खलाशी आहे. त्यातून जे उमजले ते येथे मांडते.

प्रथम प्रवासांची ओळख. शिडाच्या होडीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. वाटेत चार बंदरे घेतली: ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतले केप टाउन. त्यांची 'म्हादेई' ही ५६ फुटी होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. या सगळ्यामागे ज्यांचा ध्यास होता ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर कुठे राहत? फलटणजवळच्या विंचुर्णीला! समुद्रापासून घाटमाथ्याच्याही पलीकडे. आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्यांना हे वाचून धीर येतो.

त्याच म्हादेईवरून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कोणत्याही बंदराला न लागता १५१ दिवसांनी मुंबईला परतले. पुढे 'तारिणी' या होडीवरून सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात गोवा ते गोवा अशी प्रदक्षिणा केली. २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या दुसऱ्या मोहिमेत तर दिलना के. आणि रूपा ए. अशा दोघीच होत्या. पहिल्या मोहिमेत गोवा ते फ्रीमँटल या एकाच टप्प्याला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस बाजार नाही, शेजारीण नाही, उसनी वाटीभर साखर नाही.

आता मुद्द्याकडे वळते. समुद्रावर माणूस उपाशी मरतो तसा भरल्या पोटीही मरतो, हे माणसाला फार उशिरा कळले. वास्को द गामा १४९८ मध्ये मालिंदीहून कालिकतला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर तीन-साडेतीन आठवड्यांत आला. परतताना मात्र त्याने वाऱ्याचा हंगाम पाहिला नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरमध्ये तो निघाला आणि तोच अरबी समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत त्याची सुमारे तीस माणसे मेली. हिरड्या सुजून दातांवर चढत, अंगावर काळेनिळे डाग पडत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. हा रोग म्हणजे स्कर्व्ही. गलबतावर बिस्किटे होती, खारवलेले मांस होते. नव्हते ते ताजे फळ आणि हिरवा पाला.

१७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने 'सॅलिसबरी' या जहाजावर बारा रोगी खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली दारू, एकीला पातळ गंधकाम्ल, एकीला शिरका, एकीला समुद्राचे पाणी, एकीला मसाल्याचा लगदा, आणि एकीला दोन संत्री व एक लिंबू असे रोज दिले. सहा दिवसांत लिंबू-संत्री संपली, पण तेवढ्यात ती जोडी जवळजवळ बरी झाली होती. हे पुस्तकात छापले गेले १७५३ मध्ये, आणि ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्व जहाजांवर लागू केला तो १७९५ मध्ये. इतकी वर्षे का लागली हे मला वाचून समजले नाही, तसे समजूनही राग गेला नसता.

या प्रयोगातली एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघराच्या उपयोगाची आहे. शिरका आंबट, गंधकाम्लही आंबट. पण गुण आला तो लिंबाने. म्हणजे आंबटपणा हे औषध नव्हे. औषध आहे त्यातले क जीवनसत्त्व. आपल्याकडे चिंच आणि आमसूल यांवर सगळा भार टाकून 'आंबट खाल्ले' असे समाधान मानतात, पण चिंचेत क जीवनसत्त्व नावापुरतेच असते आणि उन्हात कडकडीत वाळवलेल्या आमसुलाकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. हीच चूक ब्रिटिश नौदलानेही पुढे केली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी भूमध्य समुद्राकडचे लिंबू सोडून वेस्ट इंडीजमधले दुसऱ्या जातीचे, कमी सत्त्वाचे लिंबू घेतले. त्याचा रस तांब्याच्या नळ्यांतून जाई, बाटल्यांत महिनोन्‌महिने राही. त्यात आंबटपणा उरला आणि सत्त्व गेले. १८७५-७६ च्या त्यांच्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत रस असूनही स्कर्व्ही झाला.

असाच धडा आपल्या माणसांनीही भोगला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे जवळजवळ पाच महिने; टॉमींच्या प्रवासाएवढाच हा काळ. त्यात मराठा पलटणीही होत्या. गोऱ्या सैनिकांना पांढरा पाव मिळे, त्यांना बेरीबेरी झाला. आपले शिपाई आटा आणि डाळ खात, त्यांना बेरीबेरी झाला नाही, पण घोड्याचे मांस पुष्कळांनी नाकारले, भाजी संपली, आणि त्यांना स्कर्व्ही झाला. एकाच वेढ्यात दोन ताटे आणि दोन रोग! पोट दोघांचेही अर्धेमुर्धे भरत होते. प्रश्न कशाने भरत होते याचा होता.

यानंतर लंडनला हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कोरड्या कडधान्यात जे क जीवनसत्त्व जवळपास नसते, ते मोड आणल्यावर तयार होते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून आधी हसले. कारण मोड आणून खाणे आमच्या घरात कोणी डॉक्टरने शिकवलेले नाही. भाताची कापणी झाली की त्याच ओलीवर खालापूर-कर्जतच्या शेतांत वाल टाकतात. तो भिजवून, मोड काढून, सोलून त्याचे बिरडे करतात. आजीच्या हिशेबी ते चवीसाठी आणि वालाचा कडवटपणा जाण्यासाठी. शिजवल्यावर त्यातले बरेच क जीवनसत्त्व जाते हे खरे. म्हणून होडीवर मुगाला मोड आणून वाफेवर किंचित हलवून खाणे अधिक चांगले. मूठभर मुगाला ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस पुरतात, जागा लागते एका बरणीची, आणि धुतलेले पाणी आमटीला वापरता येते. अगदी कच्चे मोड मात्र टाळावेत. समुद्रावर जुलाब लागले तर डॉक्टर नाही.

अळिवाची गोष्ट तर याहून गमतीची आहे. १८१९-२० च्या हिवाळ्यात विल्यम पॅरी हा कप्तान उत्तरेच्या बर्फात अडकून राहिला होता. त्याने जहाजावरच्या आपल्या खोलीत, शेगडीजवळ लाकडी खोक्यांत मोहरी आणि अळीव पेरून त्यांचा कोवळा पाला आजारी खलाशांना खाऊ घातला. तेच अळीव आपण बाळंतिणीला लाडवातून देतो! ओल्या कापसावर ते आठवड्याभरात खुडण्याजोगे होते. माती नको, खत नको. आमच्याकडे मात्र अळिवाचे फक्त बी खातात. पाला खाल्लेला मी कधी पाहिला नाही.

आवळा हा या सगळ्यांचा राजा. त्याच्या शंभर ग्रॅममधील क जीवनसत्त्वाच्या नोंदी अडीचशेपासून सहाशे मिलिग्रॅमपर्यंत निरनिराळ्या आढळतात. कमीत कमी धरले तरी लिंबाच्या पाचपट. प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागते असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितले आहे. नुसता स्कर्व्ही टाळायला तर दहाच पुरते. माथेरानच्या उतारावर आवळ्याची झाडे आहेत, आणि ठाकूरवाडीतल्या बाया टोपल्या भरून ते कर्जतच्या बाजारात आणतात. आपण त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो.

धान्याविषयी थोडक्यात. गिरणीतला पांढराशुभ्र तांदूळ टिकतो, पण त्याच्या कोंड्याबरोबर ब जीवनसत्त्व निघून जाते. बेरीबेरी त्यामुळेच होतो. हातसडीचा तांदूळ पौष्टिक खरा, पण कोंड्यातल्या तेलामुळे दमट हवेत लवकर खवट होतो. दोन्हींच्या मधला मार्ग उकड्या तांदळाचा. भात टरफलासकट उकडताना जीवनसत्त्व आतल्या दाण्यात मुरते, आणि तांदूळ टिकतोही. दक्षिण कोकणात तो रोजचा आहे. आमच्या कर्जतला भात संशोधन केंद्र असून तालुक्याच्या नावाच्या भाताच्या जाती महाराष्ट्रभर लावल्या जातात, तरी उकडा खाणारे घर मला इकडे सापडले नाही. नाचणी मात्र जरूर न्यावी. तिला कीड सहसा लागत नाही, वर्षानुवर्षे राहते आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर.

भाज्यांत पहिल्या आठवड्यात पालेभाजी व टोमॅटो, नंतर दुधी-गाजर, मग कोबी, आणि शेवटपर्यंत लाल भोपळा, कांदा, बटाटा, लसूण, आले, असा क्रम लागतो. कांदा-बटाटा एका पोत्यात ठेवू नये, दोन्ही लवकर खराब होतात. फळे जाळीत टांगावी म्हणजे हेलकाव्याने आपटत नाहीत. अंडी न धुता घेऊन दर काही दिवसांनी उलटीपालटी केली तर फ्रिजशिवाय काही आठवडे राहतात. पुठ्ठ्याची खोकी होडीवर आणायचीच नाहीत, त्यांतून झुरळांची अंडी येतात. नौदलाच्या मोहिमांना म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेची तयार पाकिटेही असतात. ही संस्था १९६१ पासूनची आहे. पाकीट बंद करून दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवले की आतले जंतू मरतात आणि पुलाव किंवा भाजी फ्रिजशिवाय वर्षभर राहते. वादळात ज्याला चूल पेटवता येत नाही त्याला ते पाकीट म्हणजे देवच. परंतु त्यात मीठ जास्त असते आणि उष्णतेने क जीवनसत्त्व बरेच घटते. म्हणून रोज पाकिटावर राहू नये. सुक्या मासळीचेही तसेच. सुक्या बोंबलात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, डाळीच्या दुपटीहून अधिक. पण ती दोन पाण्यांतून काढून मीठ घालवूनच शिजवावी, आणि होडीवर तेवढे गोडे पाणी असते का हा प्रश्न येतोच.

स्वयंपाकाची शेगडी होडीवर झोपाळ्यासारखी टांगलेली असते. होडी कलंडली तरी ती सपाट राहते. तरीही उकळते पाणी अंगावर सांडण्याचे भय मोठे, म्हणून झाकण घट्ट बसणारा प्रेशर कुकर सर्वांत उपयोगी. ताट-वाटी नाही, खोलगट भांडे. कारण एका हाताने होडीला धरावे लागते आणि एकाच हाताने जेवावे लागते. खिचडी, उपमा, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू हे एकहाती खाणे. (कर्जत स्टेशनचा बटाटावडाही एकहाती आहे, पण तो दुसऱ्या दिवशी कोणी खाऊ नये.) पहिले दोन-तीन दिवस होडी लागते, ओकाऱ्या होतात, तेव्हा आल्याचा तुकडा, कोरडी भाकरी, घोटघोट पाणी. आणि एक तक्रार सगळ्या खलाशांची असते पण पुस्तकांत ती हळूच लिहितात: शौचाला न होणे. पाणी कमी, भाजी कमी, बसून राहणे जास्त. मामा म्हणाला, "बाय, आमच्या बोटीवर आठ-दहा दिवस भात नि म्हावरा. भाजी म्हणजे कांदा-बटाटा. चौथ्या दिवशी पोट दगड होतं." मी त्याला भिजवलेले मूग न्यायला सांगितले. तो हसला, पण पुढच्या फेरीला मामीने पुरचुंडी बांधून दिली.

पाण्यासाठी आता अशा होड्यांवर समुद्राच्या पाण्यातले मीठ काढणारे यंत्र बसवतात. यंत्र बिघडू शकते, म्हणून टाक्या हव्यातच. पाऊस आला तर शिडावरून ओघळणारे पाणी धरतात. पहिले पाणी खारट, ते जाऊ द्यायचे. आम्ही पागोळ्यांखाली हंडा लावताना पहिली सर जाऊ देतो, तसेच.

हे सगळे मी इतक्या चिकाटीने वाचले त्याला आणखी एक कारण आहे. गेल्या वर्षी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलींचे रक्त तपासले. स्त्रीला हिमोग्लोबिन बारा तरी हवे. माझे नऊ पूर्णांक चार भरले. आठवड्याने आईला दवाखान्यात नेले, तिचे आठ. घरी धान्याचा कणगा भरलेला, वाल भरलेले, कोणी उपाशी झोपत नाही. डॉक्टरीणबाईंनी पावसाळ्यात काय खाता ते विचारले. भात, वाल, सुकट, दोन्ही वेळा जेवणावर चहा. आई सर्वांच्या मागून जेवते, तेव्हा सुकटही बहुधा संपलेली असते. म्हणजे आमच्या आगोटीत टिकणारे सर्व होते आणि ताजे काही नव्हते, अगदी त्या जुन्या गलबतांसारखे. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. आणि धान्य-कडधान्यातले लोह अंगी लागायला त्याच जेवणात क जीवनसत्त्व लागते. चहा ते अडवतो. बिरड्यावर अर्धे लिंबू पिळणे आणि चहा तासाभराने पिणे, एवढा बदल विनापैशाचा आहे. गोळ्या चालू आहेतच. त्या सोडून कोणी नुसत्या लिंबावर राहू नये.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचा विचार मला या वाचनात वारंवार आला. पाऊस येईपर्यंत पाच-सहा महिने गावापासून दूर, भट्टीजवळच्या झोपडीत, उचलीच्या पैशांतला तांदूळ आणि सुके मासे. त्यांची होडी विटांची आहे. गावी परतल्यावर पहिल्या पावसाबरोबर टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते आणि ते लोक ती ओरबाडून खातात. आपण तिला 'रानभाजी महोत्सव' म्हणतो. भट्टीच्या मालकाने त्या पाच महिन्यांत आठवड्याला थोडी भाजी दिली तर त्याच्या विटा महाग होतील असे मला वाटत नाही.

तारिणीवरच्या त्या दोघींसाठी मी चाळीस दिवसांची एक आगोट कागदावर मांडून पाहिली. माणशी रोज धान्य ४०० ग्रॅम म्हणजे ३२ किलो, डाळी-कडधान्ये ८० ग्रॅमप्रमाणे साडेसहा किलो, कांदे-बटाटे १६ किलो, तेल अडीच किलो, लिंबे ८०, कोबीचे आठ गड्डे, दोन लाल भोपळे, आवळ्याच्या मोरंब्याची एक बरणी, अळीव पाव किलो, शेंगदाणे आणि गूळ तीन-तीन किलो, प्यायला व स्वयंपाकाला माणशी तीन लिटर धरून पाणी २४० लिटर. यादी आजीला वाचून दाखवली. तिने डोळे मिटून सगळी ऐकली आणि विचारले, "आणि पाव्हणा आला तर?" होडीवर पाहुणा येत नाही. पण वारा पडतो, होडी जागच्या जागी उभी राहते आणि चाळीसचे पन्नास दिवस होतात. म्हणून सगळ्यावर पाव हिस्सा वाढवला: धान्य ४० किलो, कडधान्ये आठ, लिंबे १००, पाणी ३०० लिटर.